तिथे करायला काय आहे?

परवा टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आउटिंगचा विषय निघाला. पाच मिनिटांत तीन नावं आली: लोणावळा, लोणावळ्याजवळचं एक रिसॉर्ट आणि महाबळेश्वर. मी निघोज सुचवलं. थोडा वेळ शांतता. मग एकाचा मेसेज आला, "तिथे करायला काय आहे?"

हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आज रविवार आहे, वेळ आहे, तर ती इथेच काढतो.

करायला म्हणजे नक्की काय हो? झिपलाईन? रेन डान्स? आठवडाभर आपण करतच असतो की! डिप्लॉयमेंट करतो, ते फसलं की रोलबॅक करतो, मग ते का फसलं याच्यावर मीटिंग करतो. एक दिवस नुसतं काहीतरी बघायला गेलं तर कुणी अप्रेझल कापणार नाहीये.

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूर, तिथून टाकळी हाजी, की आलंच निघोज. नव्वदेक किलोमीटर. कुकडी नदीचं पात्र इथे काळ्या कातळाचं आहे. पुराबरोबर आलेले गोटे खडकातल्या बारीक खळग्यांत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि कातळ घासत राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. त्यातून झालेत ते रांजणखळगे. तोंड लहान, पोट मोठं, एकमेकांत घुसलेले, पात्रभर पसरलेले. काहींच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून दिसतात, म्हणजे कारागीर निघून गेला आणि हत्यार तिथेच राहिलं. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा घासून घासून माझे हात सोलवटले होते, त्याची तिथे उभं राहून फार आठवण आली. (तो जॉब शेवटी रिजेक्टच झाला, असो.)

आता हीच कुकडी धरून उलटं वर जा. बोरीला नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. नेमकी किती जुनी, यावर संशोधकांत वाद आहेत, पण तिच्यालगत अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली हे खरं. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी, पंचवीसेक किलोमीटरमध्ये पसरलेल्या. एरवी आत जायला परवानगी लागते, पण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी खुलं असतं. आणि पार वर, जुन्नरच्या पुढे नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांतल्या दानाचे हजारोंच्या घरातले आकडे कोरलेत. दोन हजार वर्षांपूर्वीची एक्सेल शीट समजा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. नदीच्या उगमाकडे माणसाने कोरलेला रांजण, खाली निघोजला पाण्याने कोरलेले!

आणि आपण विचारतो, करायला काय आहे.

वर अजून एक जमात आहे. हे सगळं वाचून ते म्हणतील, "मस्त! एका दिवसात चारही कव्हर करू." नका रे बाबांनो. त्या चार वेगवेगळ्या ट्रिपा आहेत. एका दिवसाला एक ठिकाण, आदल्या रात्री तासभर वाचन, एवढंच प्लॅनिंग. न वाचता गेलात तर नाणेघाटचा लेख म्हणजे भिंतीवरचे ओरखडे.

दुसरी जमात माझ्या जास्त जवळची, म्हणून त्यांचा राग जास्त येतो. ट्रेकवाले मित्र. "पत्ता सांगू नकोस, गर्दी होईल, वाट लागेल." अरे, निघोजला मळगंगा देवीचं देऊळ आहे, यात्रेला ही गर्दी लोटते. तुम्ही शोधायच्या आधीपासून लोक तिथे येतायत. पत्ता तुमच्या मालकीचा कधी झाला? गर्दीची भीती मलाही आहे. पण ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पडून चौघं गेले. दोन्ही दिवस रविवार. पावसाळ्यातल्या रविवारी आपल्याला त्याच चार जागा माहीत असतात, कारण बाकीच्या कुणी सांगितल्याच नाहीत. मग बंदीचे आदेश निघतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

सांगा, पण पूर्ण सांगा. निघोज ही पावसाळ्यात जायची जागा नाही. वर येडगाव, माणिकडोह धरणं आहेत, पाणी सोडलं की पात्र बदलतं. खळग्याचं पोट आत रुंद असतं, त्यामुळे पडलेल्याला वर चढता येत नाही. काठ गुळगुळीत आहेत. सेल्फीसाठी टोकावर जायचं नाही, पोहायचं तर अजिबात नाही. हे न सांगता नुसता ड्रोनचा व्हिडिओ टाकणारे आणि पत्ता लपवणारे, मला दोघंही सारखेच वाटतात.

बाकी आमच्या ग्रुपवर मतदान झालं. अकरा विरुद्ध दोन, लोणावळा जिंकलं. दुसरं मत टेस्टिंगमधल्या एका मुलीचं होतं. तिचं आजोळ पारनेरचं निघालं, आणि निघोजला मात्र ती कधीच गेलेली नाही! तिचे आईबाबा, ती आणि मी, असे पुढच्या रविवारी जातोय. पाणी उतरलंय. सकाळी सहाला निघायचं, डबा घरून. गाडीत एक जागा आहे.