हप्ता मिळाला, पण कोणत्या तारखेला?

एप्रिल २००४ मध्ये एका प्रवासी बसच्या विम्यापोटी मालकाने धनादेश दिला आणि त्याच्या भरवशावर पॉलिसी निघाली. धनादेश वटला नाही. ११ मे रोजी त्या बसच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. १३ मे रोजी विमा कंपनीने पॉलिसी रद्द केली. चेन्नईत मुख्यालय असलेल्या युनायटेड इंडिया इन्शुरन्सचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अपघाताच्या दिवशी पॉलिसी रद्द झालेली नव्हती, म्हणून भरपाईचे दायित्व कंपनीवरच येते, असा निर्णय २०१२ मध्ये लागला. सारा निकाल दोन दिवसांच्या अंतरावर ठरला.

याच्या उलट प्रकरण आयुर्विमा महामंडळाचे. विमाधारकाने जून १९८७ मध्ये थकलेल्या हप्त्याचा धनादेश एजंटाच्या हाती दिला आणि तो वटलाही. ९ ऑगस्टला विमाधारक अपघातात मरण पावला; एजंटाने हप्ता महामंडळात भरला तो १० ऑगस्टला. एजंटाला हप्ता स्वीकारण्याचा अधिकारच नव्हता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विम्याच्या रकमेचा दावा फेटाळला. पैसे एजंटाकडे पोहोचले होते, महामंडळाकडे नव्हे.

ही दोन प्रकरणे आज आठवण्याचे कारण आहे. ‘अमुक ग्राहकाचा हप्ता आला, नोंद कर,’ एवढे सांगताच विमा एजन्सीच्या संगणकप्रणालीत जमा टाकणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता येऊ लागली आहेत. त्यांचा उपयोग नाकारण्याजोगा नाही. चेन्नईतल्या एखाद्या एजन्सीत युपीआयने आलेले पैसे, धनादेशांची छायाचित्रे आणि तमिळमधले ध्वनिसंदेश यांचा मेळ घालण्यात कारकुनाचा दिवस जातो. ते काम यंत्राने हलके केले तर स्वागतच आहे. प्रश्न इतकाच की यंत्राने नोंद सुचवावी, की परस्पर करून मोकळे व्हावे?

नोंद म्हणजे केवळ रकमेचा आकडा नव्हे. ग्राहकाने पैसे दिले ती तारीख, कंपनीकडे ते पोहोचले ती तारीख आणि बँकेत खरोखर जमा झाले ती तारीख, अशा तीन वेगळ्या घटना तिच्यात असतात. विमा अधिनियम, १९३८ च्या ६४ व्हीबी या कलमानुसार हप्ता हाती आल्याखेरीज कंपनीने जोखीम पत्करायची नसते. एजंटाने गोळा केलेला हप्ताही सुट्ट्या वगळून चोवीस तासांत, कमिशन न कापता, कंपनीकडे पाठवायचा असतो. ‘पैसे आले’ या दोन शब्दांतून यांपैकी कोणती घटना अभिप्रेत आहे हे कळत नाही. मॉडेल मात्र सर्वांत संभाव्य अर्थ निवडते आणि तो ठाम आवाजात मांडते.

नावांचीही अडचण आहे. तमिळनाडूत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची प्रथा रूढ आहे. ‘एस. कुमार’ आणि ‘कुमार एस.’ ही एकच व्यक्ती की दोन, हे नावावरून ठरत नाही. पॉलिसी क्रमांकावरूनच ठरते. नियमही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. जुन्या माहितीवर शिकलेले मॉडेल १०,००० रुपयांच्या आरोग्यविमा हप्त्यासाठी अजूनही ११,८०० रुपयांची अपेक्षा धरू शकते आणि पूर्ण भरलेल्या हप्त्याला अपुरा ठरवू शकते.

माणसे चुकत नाहीत काय, असे कोणी विचारील. चुकतात. परंतु शंका आली की अनुभवी कारकून थांबतो, फोन करतो. यंत्राला थांबायला मुद्दाम शिकवावे लागते. समजा, एखादे साधन शंभरात नव्याण्णव नोंदी अचूक करते. दिवसाला दोनशे नोंदी असतील, आणि प्रत्येक चूक दुसरीपासून स्वतंत्र मानली, तर सगळ्या नोंदी बरोबर असण्याची शक्यता ०.९९ चा दोनशेवा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. नव्याण्णव टक्के हा परीक्षेतला उत्तम निकाल असेल. जमाखर्चात तो रोजच्या दोन चुका होतो.

यावरचे उपाय अवघड नाहीत. जुन्या पेढ्यांवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरे आणि मग खतावणीत जाई. यंत्राने रोजकीर्दीचा मसुदा लिहावा, खतावणीत घेण्यापूर्वी माणसाने पाहावे. तिन्ही तारखांना तीन स्वतंत्र रकाने असावेत, आणि माहीत नसलेला रकाना रिकामाच राहावा. प्रत्येक नोंदीला बँकेचा व्यवहार क्रमांक जोडावा, म्हणजे तीच आज्ञा चुकून दोनदा गेली तरी जमा एकदाच पडेल. पुंजयामिकी शिकणाऱ्यांना हा गुण प्रक्षेपकारकामुळे परिचित आहे: दोनदा लावला तरी फळ एकदा लावल्याइतकेच. चुकलेली नोंद पुसू नये, उलट नोंदीने फिरवावी. आणि नोंद यंत्राने सुचवली की माणसाने, ती मान्य कोणी केली, हे कायम लिहिलेले असावे. चोवीस तासांची मुदत संपत आली की आठवण देण्याचे काम मात्र यंत्राकडे निश्चिंतपणे सोपवावे. तिथे ते माणसापेक्षा सरस आहे.

प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात की मोजलेला आकडा आणि अंदाजलेला आकडा एकाच रकान्यात लिहायचा नसतो. चेन्नईतील आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतसारख्या गटांच्या कामामुळे यंत्रांना भारतीय भाषा अधिकाधिक समजू लागल्या आहेत. पण भाषा समजणे वेगळे आणि पैसे पोहोचल्याची साक्ष देणे वेगळे. ती साक्ष पुढे एखाद्या कुटुंबाच्या दाव्यात वाचली जाते. तेव्हा ‘मॉडेलला तसे वाटले’ हे उत्तर त्या कुटुंबाच्या उपयोगाचे नसते.