मेथेनॉलचा हिशेब लिटरालिटराने हवा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदीवर जितका वाद झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१मध्ये उठली. या सगळ्या वादात मेथेनॉलकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हे रसायन कारखान्याला उपयोगी आहे, पण पोटात गेले तर जीव घेते. बंदी असो वा नसो, त्याचा बंदोबस्त करावाच लागेल.

मेथेनॉल, म्हणजेच मिथाइल अल्कोहोल, हा रंगहीन आणि पातळ द्रव आहे. थिनर, रंग, वार्निश आणि औषधनिर्मितीत ते द्रावक म्हणून वापरतात. त्यापासून फॉर्माल्डिहाइड बनते आणि फॉर्माल्डिहाइडपासून प्लायवूड चिकटवणारी रेझिने. उद्योगाला ते टाळता येणार नाही. म्हणून ते कसे हाताळायचे, हे त्याच्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

पहिला धोका आगीचा. सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच मेथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणजे इथे उघडे पिंप जवळजवळ वर्षभर पेटण्याच्या अवस्थेतच असते. हवेत वाफेचे प्रमाण ६ ते ३६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. शिवाय त्याची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे कामगार नकळत आगीत पाऊल टाकू शकतो. नेहमीचा फेसही इथे निकामी ठरतो, कारण मेथेनॉल त्यातले पाणी ओढून घेते आणि फेस विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलला टिकणारा वेगळा फेस लागतो. तो जवळच्या अग्निशमन केंद्रात आहे का, हे आग लागण्याआधी तपासायचे असते.

दुसरा धोका विषाचा, आणि तो अधिक फसवा. मेथेनॉल पिण्याने तर शरीरात जातेच, पण वाफेतून आणि त्वचेतूनही जाते. वास व चव पिण्याच्या दारूच्या इतकी जवळची असते की जिभेला फरक कळत नाही. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींना प्राणवायू वापरू देत नाही, आणि डोळ्याच्या नसेवर त्याचा घाव लवकर बसतो. जेमतेम १० मिलिलिटर मेथेनॉलने दृष्टी गेल्याच्या आणि ३० मिलिलिटरने जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. हे आम्ल साचायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही तास माणूस केवळ झिंगल्यासारखा दिसतो. पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके ही लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी येतात. तोवर घरचे ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून त्याला झोपवून ठेवतात.

जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. जुलै २०२२मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे गेली. गुजरातेत दारूबंदी आहे. तिथल्या पोलीस तपासात पुढे आले ते असे: गोदामातून मेथेनॉल चोरले गेले, त्यात पाणी मिसळले गेले आणि ते दारू म्हणून विकले गेले. मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची असलेल्या आपल्या भागाने यातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मोहफुलांच्या आंबवणीतून मुख्यतः इथेनॉल तयार होते. अशा सामूहिक बळींमागे बहुधा कारखान्याच्या पिंपातून आलेले मेथेनॉल असते. दारू वाईट की चांगली हा प्रश्न वेगळा, आणि पिंप गावापर्यंत कसे पोचले हा वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भट्टीवर धाड घालून मिळत नाही, ते कारखान्याच्या फाटकावर शोधावे लागते.

म्हणून सुरक्षिततेची सुरुवात नोंदवहीपासून व्हावी. किती लिटर आले, किती वापरले, किती उरले, याचा रोज मेळ बसला पाहिजे. रिकामी पिंपे भंगारात विकणे बंद झाले पाहिजे, कारण तळाशी उरलेले दोन-तीन लिटरही घातक आहेत. पिंपावर मराठीत आणि, गडचिरोलीत, गोंडी व माडियातही इशारा असावा. न वाचणाऱ्यासाठी कवटीचे चिन्ह असावेच. ओतताना पिंप आणि टाकी तारेने जोडून जमिनीशी अर्थिंग करावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. १९१९चा विष कायदा राज्याला विषारी पदार्थांच्या विक्रीवर नियम करण्याचा अधिकार देतो. त्या अधिकाराची धार तपासणीत दिसली पाहिजे.

रस्त्याचा धोका आपण पाहिलेला आहे. मे २०२२मध्ये चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडाचा ट्रक यांची धडक झाली आणि आगीत नऊ जण होरपळून मेले. तिथे इंधन होते. मेथेनॉलचा टँकर उलटला, तर आगीच्या जोडीला दुसरे संकट येईल: सांडलेला द्रव कुणी डबा भरून घरी नेला आणि प्यायला, तर मृत्यू घरोघरी पोचेल. टँकरच्या फलकावर १२३० हा आकडा असला की आत मेथेनॉल आहे. हा आकडा मार्गावरच्या प्रत्येक पोलीस पाटलाला आणि सरपंचाला माहीत असावा, आणि तो दिसताच लोकांना दूर ठेवावे.

उरतो प्रश्न उपचाराचा. वेळेत ओळखले तर या विषावर इलाज आहे. फोमेपिझोल किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मात्रेत दिलेले इथेनॉल मेथेनॉलचे रूपांतर रोखते, सोडियम बायकार्बोनेट रक्तातली आम्लता कमी करते आणि डायलिसिसने विष बाहेर निघते. घरी दारू पाजणे किंवा ओकारी काढणे हा इलाज नव्हे. पण भामरागड किंवा सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर तासन्‌तास जातात, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटत आला आहे. म्हणून पहिला उपचार ग्रामीण रुग्णालयातच सुरू व्हावा, तिथे औषध असावे आणि ते कसे द्यायचे हे ठाऊक असावे. ‘दारू प्यायल्यावर धूसर दिसू लागले तर ताबडतोब दवाखाना’ हे एक वाक्य आशा सेविकेने प्रत्येक घरात पोचवावे. दारूबंदीच्या जिल्ह्यात हे सांगायला संकोच वाटेल, पण गुन्ह्याच्या भीतीने लपवलेला रुग्ण वाचत नाही. दवाखान्यात येणाऱ्याला पोलिसांची भीती राहणार नाही, असे प्रशासनाने उघडपणे जाहीर करावे.

केंद्र सरकारने २०३०पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. या प्रक्रियेतून मेथेनॉलही बनवता येते, आणि चंद्रपूर हा कोळशाचाच जिल्हा आहे. हे उत्पादन इथे वाढले तर रोजगार वाढेल आणि त्याचे स्वागतच व्हावे. मात्र प्रकल्पाला मंजुरी देतानाच साठ्याची नोंद, अग्निशमनाची सोय आणि ग्रामीण रुग्णालयातला औषधसाठा या तिन्ही गोष्टी अटींमध्ये लिहिल्या जाव्यात. मालवणी आणि बोटादमध्ये चौकशी झाली, ती माणसे गेल्यावर. चंद्रपूर-गडचिरोलीला आज तयारीची संधी आहे, आणि ती घेणे ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे.