गेमचा डबा घरात कुठे ठेवावा?



मागच्या वर्षी गावचे जुने कौलारू घर उतरवून आम्ही दोन मजली घर बांधले. वायरिंगच्या वेळी कारागिराने सुचवले, “प्रत्येक टीव्हीखाली डबे आणि वायरींचा गुंता कशाला? सगळे डबे जिन्याखालच्या कपाटात ठेवू. तिथून तिन्ही टीव्हींना चित्र पाठवू.” आम्हाला ते पटले. पुढची बैठक पाहुण्यांची, आतली खोली घरच्या माणसांची आणि माडीवरची खोली मुलांची. तिन्हीकडे भिंतीवर फक्त टीव्ही. खाली ना डबा, ना वायर. पाहायला आलेल्या प्रत्येकाने तारीफ केली.

ईदला मुलांचे चाचा कुवेतहून आले ते प्लेस्टेशन ५ घेऊन. मुलांचा आनंद काय सांगावा! तो डबाही इतर डब्यांच्या शेजारी, त्याच कपाटात गेला. तिथूनच आमची चूक सुरू झाली.

चार दिवसांत पहिली तक्रार आली. खेळता खेळता डबा तापल्याचा इशारा पडद्यावर यायचा आणि खेळ बंद पडायचा. हा डबा मोठे खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट वीज घेतो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. बंद कपाटात ती जाणार कुठे? कंपनीच्या माहितीपुस्तिकेतच लिहिले आहे की डबा भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर दूर ठेवावा आणि अडचणीच्या जागेत कोंडू नये. ते आम्ही नंतर वाचले. कपाटाच्या दाराला जाळी बसवली, आत पंखा लावला.

दुसरी तक्रार कंट्रोलरची. तो ब्लूटूथवर चालतो. मोकळ्या जागेत १० मीटरपर्यंत ठीक, पण मध्ये सळ्यांचा स्लॅब आणि दोन भिंती आल्या की संपर्क तुटतो. कारागिराने माडीपर्यंत यूएसबीची लांब जोडणी ओढून दिली. कंट्रोलर वायरीला लावून खेळता येऊ लागले.

तिसरी तक्रार अशी की बटण दाबले तरी खेळाडू उशिरा लाथ मारतो. आमच्याकडे बसवलेले यंत्र चित्र दाबून लहान करायचे, नेटवर्कच्या वायरीतून पाठवायचे आणि टीव्हीजवळ पुन्हा उलगडायचे. सिनेमा पाहताना हा उशीर कळतही नाही. पण खेळात सेकंदाला ६० चित्रे येतात. त्यातली पाच-सहा मागे पडली तरी गोल हुकतो. शिवाय बैठकीतला टीव्ही जुना, फुल एचडी. वाटणारे यंत्र सगळ्यांसाठी त्याचाच दर्जा धरायचे, म्हणून नव्या फोर-के टीव्हीवरही चित्र कमीच दिसायचे. मग ते यंत्र बदलून एचडीबेसटी पद्धतीचे घेतले. त्यात उशीर जवळजवळ नसतो. पुन्हा खर्च झाला.

प्रत्येक दुरुस्तीनंतर आम्हाला वाटायचे, चला, एकदाचे काम झाले. आता मागे वळून पाहताना कळते की प्रत्येक दुरुस्तीने खेळ माडीवर अधिक सुरळीत झाला आणि आमच्या नजरेपासून अधिक दूर गेला.

थोरला दहावीत. महिनाभर तो फजरला उठत नव्हता. आम्ही रागावलो, मग अभ्यासाने दमत असेल म्हणून गप्प बसलो. एका रात्री अडीचच्या सुमारास पाणी प्यायला खाली आलो, तर कपाटाच्या जाळीतून पांढरा दिवा दिसला. पंखा फिरत होता. दाराला हात लावला तर लाकूड गरम. माडीवर गेलो. मुलगा कानाला हेडफोन लावून फुटबॉल खेळत होता आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी बोलत होता. चाचांनी सुरुवातीला डब्यात घातलेल्या कार्डावरून साडेचार हजार रुपयेही गेले होते. कशावर? खेळातल्या खेळाडूंच्या ‘पॅक’वर. आत कोण निघेल ते पैसे भरल्यावरच कळते. युरोपात बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विक्रीला जुगारच ठरवले. आपल्या दीनमध्ये जुगाराबद्दल काय हुकूम आहे हे मुलाला ठाऊक होते. पण हा जुगार आहे, हे त्याला कळले नव्हते आणि आम्हालाही नाही.

आवाज चढवणार तेवढ्यात तो म्हणाला, “अब्बू, वर खेळायची सोय तुम्हीच तर करून दिलीत.”

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. वायर आम्हीच ओढली होती, पंखा आम्हीच बसवला होता. सगळे काही विचारले, फक्त मूल कुठे बसून खेळेल आणि त्याच्या शेजारी कोण असेल हे विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी डबा कपाटातून काढला आणि आतल्या खोलीत टीव्हीखालच्या उघड्या फळीवर ठेवला. दीड मीटरची वायर थेट टीव्हीला. तापणे थांबले, कंट्रोलरची वायर गेली, चित्र पूर्ण दर्जाचे आले. ज्या तक्रारींवर एवढा खर्च केला त्या जागा बदलताच मिटल्या. पुढच्या बैठकीत मुद्दाम ठेवला नाही. तिथे पाहुणे आले की मुलींना आत यावे लागते. आतली खोली सगळ्यांची.

तिथे आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. माडीवर भावांच्या घोळक्यात धाकट्या मुलीला कधी खेळायलाच मिळत नव्हते. आता ती खेळते आणि थोरल्याला हरवतेही. दादी तस्बीह हातात घेऊन बाजूला बसतात आणि मध्येच विचारतात, “किती झाले रे गोल?” अजान झाली की खेळ थांबवायला कुणाला सांगावे लागत नाही, कारण सगळेच उठतात.

ज्यांच्या घरी अशी एका जागेहून चित्र वाटण्याची व्यवस्था आहे किंवा होणार आहे, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. डिशचा बॉक्स, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, राउटर खुशाल कपाटात ठेवा. त्यांना कोणी सारखा हात लावत नाही. गेमच्या डब्याला मात्र डिस्क घालावी लागते, कंट्रोलर जोडावा लागतो, हवा लागते. तो ज्या टीव्हीवर खेळायचा त्याच्याजवळच असू द्या आणि टीव्हीत ‘गेम मोड’ चालू करा. घर बांधतानाच त्या टीव्हीखाली प्लग आणि उघडी फळी ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कडाडतात, तेव्हा प्लग काढा. लांब ओढलेल्या वायरींतूनही झटका यंत्रात शिरतो.

मुलाचे खाते मुलाच्या वयाचे बनवा आणि मोठ्यांचे खाते, त्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवा. खेळण्याची वेळ किती, खर्च किती, अनोळखी माणसांशी बोलायचे की नाही, हे सगळे त्यातून ठरवता येते. आम्ही खर्चाची मर्यादा शून्य ठेवली आहे. चाचांना फोन करून सगळे सांगितले आणि पैसे परत करू लागलो, तर ते म्हणाले, “पैसे राहू द्या. पोराला मारू नका.” पण थोरल्यानेच ठरवले की ईदीतून थोडे थोडे फेडायचे. आतापर्यंत बाराशे झाले.

कपाटातली जागा आता रिकामी आहे. ती रिकामीच राहू दिली आहे. खोलीत एक काळी वायर दिसते, फळीवर धूळ बसते, पाहुण्यांची तारीफ थोडी कमी झाली. पण मूल कुठे आहे, हे आता पाहायला जावे लागत नाही.