घराचा पैसा वेगळा, आणि दोघांच्या सहीचा

आज धंद्याच्या भांडवलाबद्दल नाही, घराच्या पैशाबद्दल बोलू. तसं बघितलं तर विषय एकच आहे, कारण जव्हार-मोखाड्यात हे दोन्ही पैसे एकाच डब्यात पडतात आणि गडबड तिथेच होते.

शहरात जोडपी डाउन पेमेंटसाठी साठवतात. आपल्याकडे म्हणतात, ‘घरकुल मंजूर झालं, आता साठवायचं कशाला?’ मला हे अजिबात पटत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागाला सपाटीवर १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मिळतात, वर रोजगार हमीची मजुरी. पण पैसे येतात हप्त्याने. पहिला हप्ता मंजुरीनंतर, पुढचे बांधकामाचा टप्पा झाल्यावर, फोटो गेल्यावर. मध्ये सिमेंट, सळई आणि घाट चढून येणाऱ्या गाडीचं भाडं कोण देणार? तुम्हीच. घरकुलवाल्याचं डाउन पेमेंट ते हेच.

हा पैसा हातात नसला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या आसपास वीटभट्टीचा बयाणा घ्यायचा. त्यातून भिंत छतापर्यंत जाते, आणि जोडपं भिवंडी-वसईकडे निघतं. लोकांच्या घरांच्या विटा पाडायला! बयाणा फिटेपर्यंत हातात फक्त आठवड्याची खर्ची. पावसाच्या तोंडावर परत यावं, तर घर तसंच उभं.

आता खरी गोष्ट. भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते आणि काम जोडीचं असतं. चिखल, थापणं, वाहणं, दोघांचे हात लागतात. हिशेब मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर लिहिला जातो. मग बाईने किती कमावलं, हे तिलाही सांगता येत नाही. गंमत बघा, घरकुल सहसा पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं. घर दोघांचं, मग त्यासाठीची बचत एकट्याच्या खिशात का?

‘नवरा-बायकोत कसला हिशेब, विश्वास नाही का?’ असं कोणी म्हणेल. भागीदारीत दुकान टाकताना दोन सह्या ठेवतो, तेव्हा कुणी रुसत नाही. घर तर दुकानापेक्षा मोठा व्यवहार. आणि टपरीचा माल भरायला घराचे पाच हजार ‘तात्पुरते’ काढले, की ते परत येत नाहीत. दुसरी सही लागत असेल तर निदान विचारावं तरी लागतं.

साठवायचं कुठे, हे तुमचा पैसा कसा येतो त्यावर ठरवा. मोगरा लावलाय, कळ्या दादरला जातात, किंवा छोटं किराणा आहे, म्हणजे पैसा थोडा थोडा पण सतत येतो, तर पोस्टाची आवर्ती ठेव बरी. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत ५ वर्षं. महिना २,००० भरले तर मुद्दलच १,२०,००० होतं, म्हणजे सपाटीवरच्या एका घरकुलाइतकं. मोगऱ्याचा बहार संपला की हप्ता जड जातो, तेव्हा झेपेल तेवढाच लावा.

भट्टीवरून येणाऱ्यांनी आवर्ती ठेवीच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे. त्यांचा पैसा वर्षातून एकदाच, हंगाम संपल्यावर येतो. महिन्याचे हप्ते चुकत जातात, दंड लागतो, चार चुकले की खातं बंद पडायची पाळी येते. त्यांनी हिशेब झाल्या झाल्या, लग्नसराईच्या आधी, एक वर्षाची मुदत ठेव करावी. १,००० रुपयांपासून होते.

पोस्टात दोघं मिळून जा. संयुक्त खात्याचे तिथे दोन प्रकार असतात. ‘जॉइंट बी’मध्ये दोघांपैकी कोणीही एकटं पैसे काढू शकतं. तुम्ही ‘जॉइंट ए’ मागा, त्यात दोघांची सही लागते.