गावंढळांचे देव आणि डोंगरावरचे प्रवचन

(द्वितीय वर्ष, कला)

युरोपचा इतिहास वाचताना 'पेगन' हा शब्द पानोपानी आडवा येतो. आपल्याकडची पुस्तके 'मूर्तिपूजक' असा अर्थ देऊन मोकळी होतात. मूळ लॅटिन शब्द 'पागानुस'. तो 'पागुस' म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख यावरून आला. (शिपाई नसलेला साधा माणूस असाही त्याचा एक अर्थ होता आणि काही विद्वान येथे तोच धरतात. परंतु मला पहिला अर्थ सोडवत नाही.) रोमन साम्राज्यातील शहरे चौथ्या शतकात झपाट्याने ख्रिस्ती होऊ लागली. मागे राहिला तो झऱ्याला, झाडाला आणि शेताच्या बांधावरील दगडाला नमस्कार करणारा खेडूत. म्हणजे पेगन या शब्दाचा सरळ मराठी अर्थ 'गावंढळ'!

तो वाचला आणि मला हा विषय एकदम घरचा वाटू लागला. मी सावंतवाडीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच. आमची सातेरी ही वारुळाच्या रूपात बसलेली देवी आहे. शेताच्या कडेला राखणदार असतो; त्याला वर्षाला कोंबडा आणि अधूनमधून विडी लागते. वसतिगृहात हे सांगितले की मुले हसतात. त्यात वावगे काही नाही. विडी ओढणाऱ्या देवाला हसू येणारच. परंतु त्या हसण्यात 'हा अजून तिकडचाच' असा जो एक सूर असतो, तोच रोममधल्या शहरी माणसाच्या तोंडी 'पागानुस' म्हणताना असला पाहिजे.

जुने ग्रामदैवतांचे श्रद्धाविश्व आणि ख्रिस्ताची शिकवण यांचा मेळ बसतो काय, हा प्रश्न आज युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक विचारीत आहेत. आइसलँडमध्ये १९७२ साली जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांची संस्था निघाली आणि १९७३ साली तिला सरकारी मान्यताही मिळाली. दोन्ही बाजूंचे कडवे लोक म्हणतात की असा मेळ ही भेसळ होय. मला हे पटत नाही. मात्र 'सर्व धर्म एकच' म्हणून हा प्रश्न झटकणेही मला पटत नाही. सर्व धर्म एकच असते, तर माणसे एवढी मेली नसती.

पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडमध्ये धर्मप्रसारक पाठवले होते. इ. स. ६०१ साली त्यांनी केंटच्या राजाला लिहिले की मूर्तिपूजा मोडून काढ, देवळे पाड. पुढे थोड्याच आठवड्यांत मेलिटस या प्रसारकाला त्यांनी दुसरे पत्र लिहिले. त्यात देवळे पाडू नका असे सांगितले. मूर्ती तेवढ्या काढा, तीर्थ शिंपडा आणि तेथेच वेदी उभारा. लोक बैल मारतात तर मारू द्यात. सणाच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून त्यांनी देवाच्या नावाने जेवावे. उंच चढायचे तर माणूस पायरीपायरीने चढतो, उडी मारून नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. या पत्राला कोणी उदारपणा म्हणतो, कोणी धूर्तपणा. मला वाटते ते दोन्ही आहे. ज्याने हे लिहिले त्याला खेडे समजले होते. माणूस देव बदलील, पण जत्रेची जागा आणि जत्रेतले जेवण सोडणार नाही, हे आमच्याकडचा कोणताही मानकरी सांगेल.

सर्वत्र इतके सबुरीने झाले नाही. शार्लमेनने ७७२ साली सॅक्सन लोकांचा पवित्र स्तंभ तोडला आणि ७८२ साली व्हेर्डन येथे, फ्रँकांच्याच बखरीनुसार, एका दिवसात साडेचार हजार सॅक्सनांची कत्तल केली. शत्रूवर प्रेम करा असे सांगणाऱ्याच्या नावाने हे घडले. याला मेळ म्हणता येणार नाही. फार तर तह म्हणता येईल, आणि तहाच्या अटी नेहमी जेताच लिहितो. म्हणून जेथे मेळ दिसतो तेथे मी प्रथम विचारतो, तलवार कोणाच्या हातात होती?

या दृष्टीने आइसलँडची गोष्ट मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. इ. स. १००० च्या सुमारास (कोणी ९९९ म्हणतात) तेथील लोकसभेत ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे असे दोन तट समोरासमोर उभे राहिले. नॉर्वेच्या राजाने आइसलँडच्या काही मुलांना ओलीस धरले होते, म्हणजे तलवार येथेही होती, पण समुद्रापलीकडे. निवाडा सोपवला थोर्गेइर नावाच्या विधिवक्त्याकडे, जो स्वतः जुन्या धर्माचा होता. तो एक दिवस व एक रात्र अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिला. कोणाशी बोलला नाही. उठून त्याने निर्णय दिला: सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा, कारण कायदा दोन झाले तर शांतता मोडेल. परंतु तीन सवलती राहतील. घोड्याचे मांस खाता येईल, नको असलेले अर्भक उघड्यावर टाकून देता येईल, आणि साक्षीदार नसेल तर गुप्तपणे जुन्या देवांना बळी देता येईल.

घोड्याच्या मांसापाशी धर्म अडून बसला याची आज मौज वाटते. पण हिवाळ्यात उपाशी मरणाऱ्या देशात ती मौजेची बाब नव्हती. दुसरी सवलत मात्र मला वाचताना टोचली. जुन्या व्यवस्थेत दुबळे मूल म्हणजे खाणारे एक तोंड होते. थोड्याच वर्षांत या सवलती रद्द झाल्या. गुप्त बळी बंद झाले याचे मला थोडे वाईट वाटते. अर्भके टाकणे बंद झाले याचा आनंद वाटतो. येथे मी निःसंशय नव्या धर्माच्या बाजूला आहे. सर्वांत क्षुद्र माणसाची किंमत राजाच्या किमतीएवढी धरायची, हा विचार झऱ्याच्या नि झाडाच्या देवाने दिला नव्हता. तो बाहेरून यावा लागला.

मग मेळ बसतो तो कोठे? त्याच बेटावर पूर्वी स्थायिक झालेल्या हेल्गी नावाच्या माणसाबद्दल जुन्या ग्रंथात नोंद आहे की तो ख्रिस्ताला मानी आणि आपल्या वस्तीला त्याने ख्रिस्ताचेच नाव दिले होते. परंतु समुद्रप्रवास आणि बिकट प्रसंगी तो थोर देवाचा धावा करी. डेन्मार्कमध्ये दहाव्या शतकातला एक दगडी साचा सापडला आहे. त्यात क्रूसही ओतता येई आणि थोरचा हातोडाही. तो लोहार चतुर दुकानदार होता यात शंका नाही. पण गिऱ्हाईक होते म्हणूनच साचा होता! हेल्गीला कोणी दुटप्पी म्हणेल. मला तो प्रामाणिक वाटतो. एका देवाकडे कसे वागावे याचे उत्तर होते, दुसऱ्याकडे वादळात काय करावे याचे. या दोन निरनिराळ्या गरजा आहेत.

अडचण आहे ती एकाच ठिकाणी, आणि ती लपवू नये. गावंढळाला आणखी एक देव मांडायला काहीच वाटत नाही. त्याच्या देवळीत जागा असते. अडचण येते ती त्या देवाला, ज्याला शेजारी दुसरा खपत नाही. ही पहिलीच आज्ञा आहे, किरकोळ नियम नव्हे. तेव्हा मेळ घालणारा माणूस ख्रिस्ताचा विचार घेतो, परंतु चर्चची अट घेत नाही. आणि चर्चने त्याला आपला म्हणू नये हे न्यायाचेच आहे. हे समजून उमजून करावे.

उलट, ख्रिस्ती थर खरवडून काढला की खाली शुद्ध जुना धर्म मिळेल असे मानणारेही आहेत. त्यांना मी विचारीन, तुम्हाला तो कोणी सांगितला? नॉर्स देवांच्या कथा १२२० च्या सुमारास लिहून ठेवल्या स्नॉरी स्टर्लुसनने, जो ख्रिस्ती होता. ईस्टरचे इंग्रजी नाव ज्या देवीवरून आले म्हणतात, तिचा उल्लेख ७२५ साली केला बीड या मठवासीयाने, आणि दुसरा जुना पुरावा नाही. थर खरवडायला गेले तर देवही त्याबरोबर निघून येतील. शिवाय जुने म्हणून सांगितलेले पुष्कळदा नवेच निघते. नाताळचे झाड प्राचीन म्हणून मिरवते, पण त्याच्या नोंदी जर्मन प्रदेशात सोळाव्या शतकाच्या आसपासच्या आहेत.

आमच्या शेजारच्या गोव्यात हेच नाटक निराळ्या अंकांत झाले. साष्टीतील देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली. ग्रेगरींचे दुसरे पत्र तेथे कोणाला आठवले नसावे. १५७९ साली फादर स्टीफन्स गोव्यात आले. हे जन्माने इंग्रज, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांसाठी ते पत्र लिहिले गेले त्यांच्यापैकी. १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले, मराठी ओवीत, आणि त्यात स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. देवळाची भिंत उरली नव्हती, शब्द उरला होता. त्यांनी त्यातच वेदी उभारली. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी, असे तिकडचे दोन्ही धर्मांचे लोक आजही मानतात. आमच्या गावच्या बायका सायबिणीच्या जत्रेला तेल घेऊन जातात. हा समन्वय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आता माझ्यापुरते. माझ्या एका ख्रिस्ती मित्राने मला नवा करार वाचायला दिला. त्यातील डोंगरावरचे प्रवचन मी दोनदा वाचले. शत्रूसाठी प्रार्थना करावी हा विचार माझ्या डोक्यातून जाईना, कारण आमच्या देवांपाशी तो नाही. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे घालणारा मागणे सांगत जातो आणि उभे असलेले 'व्हय म्हाराजा' म्हणत जातात. त्यात घरदार, गुरेढोरे, मुंबईला गेलेली पोरे, सर्वांचे रक्षण मागितलेले असते. आणि ज्याने वाईट चिंतले असेल त्याचे त्याच्यावरच उलटू दे, हेही असते. या शेवटच्या वाक्याला 'व्हय म्हाराजा' सर्वांत मोठ्याने म्हटले जाते, हे मी लहानपणापासून ऐकतो आहे.

आमच्या घराचा भावकीतल्या एका घराशी बांधावरून वाद आहे. तो माझ्या जन्माआधीपासूनचा. दोन्ही घरे एकाच राखणदाराला कोंबडा देतात आणि एकमेकांविरुद्ध गाऱ्हाणे घालतात. बिचाऱ्या देवाने कोणाचे ऐकावे! मी राखणदार सोडणार नाही. तो आमच्या आजोबांच्या घामाचा साक्षी आहे, आणि वसतिगृहातल्या हसण्यासाठी मी त्याला टाकणार नाही. पण त्याच्यापुढे मागायचे काय, हे तरी मला ठरवता आले पाहिजे. म्हणून गेल्या सुट्टीत मी गाऱ्हाणे घालणाऱ्या वृद्ध मानकऱ्यांना विचारले की त्या दुसऱ्या घराचे बरे कर, असे आमच्या वतीने गाऱ्हाणे घालता येईल काय? त्यांनी पानाला चुना लावणे थांबवले नाही.

"देवाक सांगूक काय जाता? सांगतंय मी," ते म्हणाले. "पण तुझो बापूस थंय उबो रवान व्हय म्हाराजा म्हणतलो काय, तां आधी इचार."

बाबांना मी अजून विचारलेले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत विचारणार आहे.