गुळवेलीच्या पुडीवर काय लिहाल?

मा. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार),
नवी दिल्ली



आपण बुलढाण्याचे, मी विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाचा. आमच्याकडे रोवणी आटोपते तोवर बांधीच्या धुऱ्यावर माका आणि भुईआवळी माजलेली असते. पावसाळ्यात कावीळही येते, आणि पाल्याचा रस देणाऱ्याच्या दारी माणसं बसतात. ‘अ’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुतेकांत आपणहून ओसरते. यश मात्र रसाच्या नावावर जमा होतं.

रस निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. उंदराला कार्बन टेट्राक्लोराइड दिलं की यकृतातच त्याचे मुक्त कण तयार होतात आणि पेशींची आवरणं फाटतात. आधी भुईआवळी किंवा कुटकीचा अर्क पाजला असेल, तर यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एसजीपीटी तेवढं चढत नाही. असे प्रबंध ढिगाने आहेत. पण तुडतुड्यासाठी धानावर फवारणी करणारा माणूस ना कार्बन टेट्राक्लोराइड पितो, ना फवारणीआधी अर्क.

माणसांवरचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांनी मांडलं की भुईआवळीने हिपॅटायटिस-बीच्या निम्म्याहून अधिक वाहकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. पुढच्या चाचण्यांत ते टिकलं नाही. गुळवेल तर उंदरांत यकृताची राखणदार. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि पुढे देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. आपल्या मंत्रालयाने (तेव्हा आपण तिथे नव्हता) हे दिशाभूल करणारं ठरवलं. वेलीची ओळख चुकली असेल, असंही सुचवलं. असेलही. पण मग चुकीची वेल गुळवेल म्हणून लोकांच्या पोटात जातेय, त्याचं काय?

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा आपल्याकडे २०१८ पासून आहे. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणा. काविळीच्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘कोणता पाला, किती दिवस’ एवढा एक रकाना छापा. यकृताचा जुना आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, हे पुडीवर ठळक मराठीत येऊ द्या. आणि पुढचा निधी उंदरांच्या आणखी एका प्रबंधाला देण्याआधी रस घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या माणसांची रक्ततपासणी शेजारी-शेजारी ठेवून बघा.

धान निघायच्या आत उत्तर आलं, तर पुढच्या पावसाळ्याआधी रकाना छापून होईल.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक
लाखांदूर, जि. भंडारा