मोटार पेट्रोल अधिक पिऊं लागली म्हणजे

एकत्र कुटुंबांत मोटार एक आणि चालविणारे चार असले म्हणजे पेट्रोलाचा खर्च हा लवकरच भांडणाचा विषय होतो. गाडी पूर्वीं लिटरास १६ किलोमीटर जात असे, ती आतां १३ वर आली, अशी तक्रार धुळें-जळगांवकडील आमच्या परिचयाच्या घरांतून वारंवार ऐकूं येते. महिन्याला १००० किलोमीटर चालणें धरलें, तर हा फरक सुमारें १४ लिटरांचा, म्हणजे जवळजवळ दीड हजार रुपयांचा होतो. रक्कम लहान नाहीं. पण तिच्याहून वाईट गोष्ट ही कीं, कारण शोधण्यापूर्वीं गुन्हेगार ठरविला जातो. कोणी धाकट्या पुतण्याच्या भरधाव हांकण्याकडे बोट दाखवितो, कोणी पंपवाल्याकडे. आणि पदरीं पगारी ड्रायव्हर असला तर संशय त्याच्यावर गेल्यावांचून राहत नाहीं. माणसाच्या इमानाचा प्रश्न आहे, म्हणून तरी हा शोध पद्धतशीर व्हावा.

पहिली गोष्ट मापाची. गाडीच्या दर्शनी पट्टीवर जो सरासरीचा आंकडा उमटतो, तो तिच्या संगणकाचा अंदाज होय. त्यास पुरावा समजूं नये. पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टांकी भरावी, किलोमीटर टिपून ठेवावे, निदान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी, आणि चाललेल्या किलोमीटरांस दुसऱ्या वेळच्या लिटरांनीं भागावें. असें तीन वेळां करावें. जळगांवाहून एरंडोल-पारोळें करून धुळ्यास जाणारा रस्ता बहुतेक सपाट, म्हणून या कामास चांगला. चाळीसगांवापुढील कन्नडचा घाट किंवा धुळ्याच्या दक्षिणेचा लळिंग घाट चढलेल्या फेरीची तुलना त्याच्याशीं करूं नये. शाळा, भाजीबाजार, देऊळ अशा गांवांतल्या दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांची तर मुळींच नाहीं. थंड एंजिनास आरंभीं दाट मिश्रण लागतें, आणि तें पुरतें तापण्यापूर्वींच घर येतें. उन्हाळ्यांत वातानुकूलन चालूं ठेवून दुकानापुढें मंडळींची वाट पाहण्याची जी चाल पडली आहे, तीही खर्चिक आहे. लहान मोटारीचें एंजिन उभ्याउभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळतें, आणि तेवढ्या वेळांत अंतर शून्य!

पंपाचा संशय असेल तर तो मनांत ठेवण्याचें कारण नाहीं. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचें ५ लिटरांचें माप असावें लागतें. ग्राहकानें मागतांच त्यांत ५ लिटर ओतून दाखविले पाहिजेत, आणि २५ मिलिलिटरांहून अधिक तूट चालत नाहीं. १६ चे १३ व्हावयास या मापांत जवळजवळ एक लिटर कमी पडावें लागेल. एवढी तूट आंधळ्यासही दिसेल.

यानंतरचा प्रश्न असा : एंजिनच अधिक जाळतें, कीं गाडी ओढावयास जड झाली आहे? चाकांची हवा सकाळीं, गाडी चालण्यापूर्वीं पाहावी. दाराच्या चौकटीवर जो आंकडा छापलेला असतो तो थंड चाकाचा. वैशाखांत खानदेशचा पारा ४४-४५ अंशांवर असतां तापलेल्या चाकांत चार-पांच पौंड दाब अधिक दिसतो. तो 'जास्त' म्हणून सोडून दिला कीं दुसऱ्या दिवशीं चाकें मऊ. ब्रेक धरून बसतो कीं काय, हें पाहणेंही सोपें आहे : मोकळ्या रस्त्यानें ब्रेक फारसा न लावतां दहा-बारा किलोमीटर जाऊन चारही चाकांजवळ हात न्यावा, लावूं नये. एकच चाक अधिक तापलेलें असेल तर चोर तेथें सांपडला.

हें सारें ठीक असेल तर मग एंजिनाकडे वळावें. गॅरेजांत गेल्याबरोबर मिस्त्री हवेचा फिल्टर बदलावयास सांगतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांस तें लागू होतें. आतांच्या गाड्यांत आंत येणाऱ्या हवेच्या मानानें संगणक पेट्रोल सोडतो, म्हणून फिल्टर तुंबला तर गाडीचा जोर कमी होतो, खप वाढत नाहीं; अमेरिकेंतील ओक रिज प्रयोगशाळेनें २००९ सालीं चांचणी करून हेंच दाखविलें. फिल्टर जरूर बदलावा, खानदेशची धूळ थोडी नाहीं. पण त्याजकडून बचतीची अपेक्षा धरूं नये.

त्यापेक्षां स्पार्क प्लग काढून पाहावेत. टोंक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. मग स्कॅनर लावून 'फ्युएल ट्रिम' पाहावा. संगणक आपल्या मूळ हिशेबांत किती टक्के पेट्रोल वाढवितो वा घटवितो, हें तो आंकडा सांगतो. तो उणे १० च्याही खालीं असेल तर न मागितलेलें पेट्रोल आंत येत आहे. इंजेक्टर गळतो किंवा दाब वाढला आहे. आंकडा बराच अधिक आणि प्लग मात्र काळे, अशी विसंगति आढळल्यास ऑक्सिजन सेन्सर खोटें सांगतो, अथवा त्याच्या अलीकडे धुराच्या नळीस चीर पडून बाहेरची हवा त्याला फसविते.

त्याच स्कॅनरवर एंजिनाचें तापमानही पाहावें, आणि येथें आमच्या प्रांतांतील एका खोडीविषयीं लिहिणें भाग आहे. धुळ्यांतील एका घरीं हीच १६ ची १३ झाली. जुन्या ड्रायव्हरवर आळ येऊन त्याच्या हातून गाडी काढून घेतली. तरी सरासरी १३ च राहिली! तेव्हां कोठें घरच्या मंडळींस तपासणी सुचली. हमरस्त्यावर ८५ ते ९५ अंशांवर असावयाचें एंजिन ६५ वर जात नव्हतें. मागच्या उन्हाळ्यांत कोणा मिस्त्रीनें, गाडी तापूं नये म्हणून, थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. आपण अजून गार आहों अशा समजुतीनें एंजिन बारा महिने दाट मिश्रण घेत राहिलें. खानदेशच्या उन्हास उपाय म्हणजे साफ रेडिएटर, चालता पंखा आणि पुरेसें कूलंट. थर्मोस्टॅट काढणें नव्हे. नवा बसविल्यावर, आणि चाकांत नेमकी हवा भरल्यावर, सरासरी १५ झाली. ड्रायव्हरास बोलावणें धाडलें, पण त्यानें दुसरीकडे नोकरी धरली होती.

उरलेल्या एका किलोमीटराचें काय, असें त्या घरच्या वडील मंडळींनीं आम्हांस विचारलें. तो कोणी चोरलेला नाहीं. २०२५ पासून देशभर पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलाच्या एका लिटरांत पेट्रोलाच्या दोन-तृतीयांशच उष्णता, म्हणजे एकंदरींत सहा-सात टक्के घट. आणि जुन्या बनावटीच्या चारचाकी गाड्यांसाठीं नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतही ६ ते ७ टक्क्यांचाच अंदाज दिलेला आहे. इथेनॉलास जळावयास हवाही कमी लागते, म्हणून अशा गाडींत ट्रिम चार-पांच टक्के अधिक बाजूस झुकलेला दिसतो. तेवढ्यावरून कोणी सेन्सर बदलावयास सांगूं लागल्यास खुशाल नको म्हणावें.